शहारा न येणारा श्रोता

वृंदा गुरवला पहिला शहारा जाणवला तेव्हा ती मेथी निवडत होती. डाव्या मनगटातल्या कड्याच्या आत, नाडीच्या जरा वर, काहीतरी सरकलं. मुंगी असेल म्हणून तिनं हात झटकला. मिनिटभरानं पुन्हा तसंच झालं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परांड्यात, नाहीतर पनवेलमध्ये, नाहीतर पार दुबईत कुणीतरी या घटकेला आपलं गाणं ऐकतंय आणि त्या माणसाच्या अंगावर काटा आलाय!

मेथीची जुडी हातात धरून ती तशीच बसून राहिली. मग तिनं पुण्याला फोन लावला.

"इक्बाल, चालतंय रे! तुझं कडं चालतंय!"

"मग काय शोभेला दिलं होतं?" पलीकडून इक्बाल तांबोळी हसला.

इक्बाल तिचा सोलापूरच्या कॉलेजातला मित्र. तो पुढे यंत्रांच्या मागे लागला आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत रमला. वृंदानं गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या, गिटार घेऊन ती स्वतःच म्हटली, आणि बार्शीत एका बंद पडलेल्या डाळ मिलचं गोदाम भाड्यानं घेऊन भिंतींना गोधड्या ठोकून तिथंच ती रेकॉर्डही केली. पाठीशी कुठली मोठी कंपनी नव्हती. गोदामाला अजून तुरीचा वास येई. श्रोते म्हणाल तर नऊशेच्या घरात. पण ते नऊशे काय माणसं होती! ते तिला लिहीत. दोन ओळींचं नव्हे, भरभरून. परांड्याचे एक निवृत्त कारकून कुरडयांवर राखण करत बसताना आपलं अख्खं आयुष्य कसं आठवतं ते चार पानं लिहीत. त्यातून तिचं 'वाळवण' हे गाणं निघालं. निलंग्याच्या एक शिक्षिका वर्गातल्या गमती कळवत. कुणी म्हैस हरवल्याचं लिही, कुणी मुलगी पहिल्यांदा बोलल्याचं. वृंदा प्रत्येकाला उत्तर देई आणि महिन्या दोन महिन्यांनी एखाद्या पत्रातलं वाक्य तिच्या गाण्यात जाऊन बसे. ज्याचं वाक्य असे तो हरखून जाई.

आता या नऊशेंतल्या बहुतेकांच्या कानामागे टिकली होती.

टिकली हे लोकांनी ठेवलेलं नाव. मुगाच्या डाळीएवढी पातळ चकती, कानामागे चिकटवायची. सुरुवातीला ती फक्त गाडी चालवणाऱ्यांसाठी निघाली. ड्रायव्हरला डुलकी लागायच्या आधीच ती ओळखायची आणि सीट थरथरवायची. रस्त्यांवरचे अपघात खरोखरच कमी झाले, तेव्हा सगळ्या मोठ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना ती सक्तीची झाली. पुढे कुणी झोपेसाठी, कुणी रक्तदाबासाठी, कुणी शेजाऱ्यानं लावली म्हणून लावली. इक्बालच्या कंपनीला सुचलं ते एवढंच, की ही टिकली गाणं ऐकतानाही लावलेली असते. मग ऐकणाऱ्याची परवानगी असेल तर त्याचा शहारा गाणाऱ्यापर्यंत का पोचवू नये?

कडं द्यायला तो बार्शीला आला होता तेव्हा गोदामाच्या पायरीवर चहा पीत त्यानं तिला समजावलं होतं.

"मेंदू नुसतं गाणं ऐकत बसत नाही, गाण्याच्या एक पाऊल पुढं पळत असतो. आता कुठला सूर येणार, याचा अंदाज बांधत. सगळेच अंदाज बरोबर आले तर कंटाळतो. सगळे चुकले तर वैतागतो. पण तू त्याला जरा ताटकळत ठेवलंस, जरा फसवलंस आणि मग हवा तोच सूर हातात दिलास, की तो खूश होऊन स्वतःलाच बक्षीस देतो. त्या गडबडीत केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळले जातात. म्हणजे काटा येतो. कातडीवर किंचित घाम येतो आणि घाम आला की कातडीतून वीज सोपी वाहते. टिकली तेवढं मोजते आणि तुझ्या कड्याला कळवते."

"आणि ज्याला काटा येत नाही त्याचं काय?"

"त्याची रेघ सपाट. गाणं लागलं नाही, असं समजायचं."

पहिले काही महिने वृंदा हवेतच होती. भाजी घेताना, कपडे वाळत घालताना मनगटाशी शहारे येत. एकेकटा शहारा आला की ती थांबून मनात म्हणे, कोण गं बाई तू? कधी एकदम पाच-सहा येत. हातातल्या फोनवर तिला बारीकसारीक सगळं दिसे: कुठल्या गाण्याच्या कुठल्या ओळीला किती जण शहारले. श्रोत्यांची नावं नसत, नुसते क्रमांक.

आणि मग ती शिकली. न ठरवता शिकली. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार एकदम थांबवायची, चार मात्रा काहीच नाही, आणि मग वरचा पंचम: शहाऱ्यांची लाट. शब्द सोपे, स्वर लांब, एक जोरदार ठोका: आणखी मोठी लाट. पूर्वी ती एकेका ओळीवर आठवडा काढायची. आता अर्धी ओळ सुचली की तिचं मनगटच विचारायचं, इथं काटा येईल का? येणार नसेल तर ती ओळ पुसली जाई.

दीड वर्षात नऊशेंचे चाळीस हजार झाले. पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवानं तिला बोलावलं. तिथं हजारो श्रोत्यांचे शहारे एकत्र करून मैदानावर दिव्यांच्या लाटा उठवणार होते. आणि त्याच सुमाराला तिच्या लक्षात आलं की पत्रं येईनाशी झाली आहेत.

म्हणजे संदेश येत, ढिगानं येत. 'काटा आला.' 'कसला काटा!' 'तीनदा काटा.' पण म्हैस, मुलगी, कुरडया असलं काही नाही. तिनं निलंग्याच्या बाईंना फोन केला.

"अहो, लिहायचं काय आता?" बाई अगदी निर्मळपणे म्हणाल्या. "तुम्हाला कळतंच की, मला कसं वाटलं ते. कड्यात."

"कसं वाटलं ते कळतं हो बाई. का वाटलं ते नाही कळत."

"आता ते सांगायची सवय गेली बघा," बाई म्हणाल्या.

वृंदाची वही त्यानंतर पुढे सरकली नाही. चाली सुचत, ठोके सुचत. सांगायला मात्र काही उरलं नव्हतं.

आणि याच दिवसांत तिला तो चारशे बारा क्रमांक छळू लागला.

चारशे बारा हा जुन्या नऊशेंपैकी होता. रोज ऐकायचा. कधी दिवसातून एकदा, कधी सहादा, वेळेचा काही धरबंध नाही. ऐकायचा ते एकच गाणं, 'वाळवण'. आणि गेल्या दीड वर्षात त्याला एकही शहारा आला नव्हता. रेघ आपली सपाट, माळरानासारखी.

"काढून टाक त्याला," इक्बाल म्हणाला. "टिकली नीट चिकटलेली नसेल. नाहीतर दगड असेल."

"दगड रोज गाणं लावत नाही."

तिच्या मनानं घेतलं की या माणसाला शहारा आणल्याशिवाय राहायचं नाही. चाळीस हजार एकीकडे आणि हा एकीकडे. नवं गाणं झालं की ती आधी चारशे बाराची रेघ बघे. तो नवं गाणं एकदा ऐके, सपाट, आणि पुन्हा 'वाळवण'कडे वळे. मग तिनं 'उसळी' केलं. त्यात तिनं होतं नव्हतं ते सगळं कसब ओतलं. तिसऱ्या कडव्याआधी पूर्ण शांतता, अगदी श्वासही नाही, आणि त्या शांततेवर ढोलाचा एकच प्रचंड घाव.

'उसळी' बाहेर आलं त्या दुपारी तिचं मनगट मुंग्यांचं वारूळ झालं होतं. तिनं चारशे बारा उघडला. सपाट, सपाट, सपाट, आणि त्या घावापाशी उंच सुळका!

"आला! इक्बाल, त्याला काटा आला!" ती फोनवर अक्षरशः नाचली.

मग तिनं नीट बघितलं. त्या सुळक्यानंतर दोन सेकंदांत गाणं बंद केलेलं होतं. दुसऱ्या दिवशी चारशे बारा आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. 'वाळवण'सुद्धा नाही. आठवडा गेला, दहा दिवस गेले. वृंदाला जेवण गोड लागेना. ज्याचं नाव गाव माहीत नाही अशा माणसाची कुणी इतकी वाट बघतं का? पण ती बघत होती.

अकराव्या दिवशी तिनं त्या क्रमांकाला संदेश पाठवला: 'तुम्ही बरे आहात ना? माझं काही चुकलं का?'

उत्तर दोन दिवसांनी आलं, बोलून पाठवलेलं. घोगरा, बेतानं बोलणारा आवाज.

"ताई, नमस्कार. मी हणमंत भिसे, औश्याचा. तुमचं काय चुकलं न्हाई. नवं गाणं चांगलंय, पोरं लई नाचत्यात. पण गाडीत लावता येत न्हाई मला. आन त्या दिवसापासनं जुनं लावायचीबी भीती बसली. चुकून नवं लागलं तर? एवढंच. तब्येतीला जपा."

वृंदानं तो आवाज चारदा ऐकला. मग एसटीच्या वेळा बघितल्या.

औश्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली रुग्णवाहिका उभी होती. बोनेटला टेकून एक पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस डब्यातली भाकरी खात होता. तिला बघून तो गडबडला. हात धुवायला पाणी शोधू लागला.

"अहो ताई, तुम्ही कशाला आलाव एवढ्या उन्हाचं? मी आलो असतो बार्शीला."

"तुम्ही जेवा मामा. मी बसते."

पण त्याला काही जेवण गेलं नाही. त्यानं तिच्यासाठी चहा मागवला, तो येईस्तोवर गाडीच्या पुढच्या सीटवरची धूळ पुसून तिला बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागं बसला. वीस वर्षं तो हीच नोकरी करत होता. मग कसं कोण जाणे, पण तो बोलू लागला.

"पेशंट गाडीत असला ना ताई, तवर मला काय होत न्हाई. एकदम थंड असतो. दवाखान्यात उतरवला, दार लावलं, की मग हात सुरू होत्यात." त्यानं हात पुढं केले. मोठे, खरबरीत हात. "असे थरथरत्यात की किल्ली बसत न्हाई. जगला असला तरी. आन न्हाई जगला तर... एकदा एक लेकरू व्हतं. सहा मिनिटं उशीर झाला. फाटक बंद व्हतं रेल्वेचं."

चहा आला. त्यानं एक पेला तिच्या हातात दिला.

"त्याच्यानंतर नोकरी सोडणार व्हतो मी. बायकोला सांगून टाकलं व्हतं. मग असंच कुणीतरी फोनवर ते वाळवणाचं पाठवलं. गाडी कडंला लावली आन ऐकलं. तुम्ही त्यात काय करत न्हाई बघा. घाई न्हाई, रडणं न्हाई. बाई कुरडया घालती, पाखरं हाकती, सावली सरकती. संपस्तोवर हात थांबले व्हते. मग दुसऱ्या कॉलला गेलो."

"आणि 'उसळी'?"

तो ओशाळून हसला. "अपघाताहून आलो व्हतो. दोन ट्रक. शांत झालं गाणं, मला वाटलं आता बरं वाटंल. आन तो ढोल वाजला. दचकलो ताई. दातखीळ बसायची राहिली."

वृंदाचा चेहरा उतरला. ज्या सुळक्यासाठी ती नाचली होती तो या माणसाचा थरकाप होता.

तेवढ्यात गाडीतलं निरोपाचं यंत्र घणघणलं. तांड्यावरची एक बाई अडली होती. दवाखान्यातून डॉक्टरीणबाई पळत आल्या आणि मागं चढल्या. "उतरायला येळ न्हाई, बसा तशाच!" हणमंत म्हणाला आणि गाडी निघालीसुद्धा. तांड्यावर जाऊन बाईला घेऊन परत येईपर्यंतचा तासभर वृंदानं दाराचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. हणमंत शांत होता. खड्डा आला की मागच्या बाईला धक्का बसू नये म्हणून हळू, सपाट रस्ता आला की भरधाव. मागून किंकाळ्या, डॉक्टरीणबाईंचा धीर देणारा आवाज, आणि दवाखान्याचं फाटक दिसायच्या जरा आधी एक नवंकोरं रडणं.

बाळ-बाळंतिणीला आत नेलं. हणमंतनं दार लावलं, स्टिअरिंगमागं येऊन बसला, आणि त्याचे हात सुरू झाले.

 वृंदानं स्वतःच्या फोनवर 'वाळवण' लावलं आणि फोन मध्ये ठेवला. हणमंतच्या कानामागे टिकली होती, तिच्या मनगटात कडं होतं. त्याचा शहारा काही कड्यात आला नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर त्या बोटांची थरथर कमी कमी होत गेली, खांदे खाली आले, श्वास लांबला. चौथ्या मिनिटाला दोन्ही हात मांडीवर शांत पडले होते.

"मुलगी झाली," हणमंत म्हणाला. "बघितलंव का? लई जावळ व्हतं."

त्याच संध्याकाळी लातूरच्या स्टँडवरून तिनं इक्बालला फोन केला आणि चारशे बाराच्या टिकलीनं शहाऱ्याखेरीज आणखी काय काय टिपलंय ते विचारलं. तो कुरकुरला, पण त्यानं बघितलं. 

"वृंदा, आम्ही गाढव आहोत," तो म्हणाला. "निरोगी हृदय घड्याळासारखं पडत नाही. श्वास घेताना जरा भरभर, सोडताना जरा सावकाश, असं झोके घेत पडतं. माणूस भेदरलेला असला की हा झोका नाहीसा होतो. तुझ्या या भिसेमामांचा गाणं सुरू होताना अजिबात नसतो, आणि संपताना लहान मुलासारखा असतो. दीड वर्ष, रोज. टिकलीत सगळं होतं. आम्ही बघितलंच नाही. जे उडी मारतं तेवढंच मोजत बसलो." मग तो पुन्हा म्हणाला, "सपाट रेघेचे तुझे असे साडेतीन हजार आहेत. मी यांनाही कड्यावर आणू शकतो. शांत झाले की ऊब लागेल मनगटाला."

वृंदाला क्षणभर मोह झाला. साडेतीन हजार माणसांची ऊब!

"नको," ती म्हणाली. "मग मी उबेसाठी लिहायला लागेन. हे कडं परत पाठवते उद्या. रागावू नकोस."

तो रागावला. महोत्सवाला कडं न घालता यायचं नाही असा निरोप आला तेव्हा तर त्यानं तिला वेड्यात काढलं. तिनं महोत्सव सोडला. 'उसळी'च्या आधी तिनं सूचना टाकली की यात एकदम मोठा आवाज आहे, जपून ऐका. आणि सगळ्या श्रोत्यांना एक संदेश पाठवला: 'तुम्हाला काटा आला की नाही हे आता मला कळणार नाही. तुमचं कसं चाललंय ते लिहा. वाट बघते.'

चाळीस हजारांतले निम्मे तीन महिन्यांत पांगले. पत्रं मात्र आली. सुरुवातीला अवघडलेली, मग ओघानं. निलंग्याच्या बाईंनी आठ पानं लिहिली. हणमंतनं बोलून पाठवलं, की त्या मुलीचं बारसं झालं, मला बोलावलं व्हतं, आन दवाखान्यातली माणसं म्हणत्यात ताईंनी एकदा हितं येऊन म्हणावं.

म्हणून माघातल्या एका रविवारी दुपारी वृंदा औश्याला गेली. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. रात्रपाळी करून आलेल्या नर्सेस, तालुक्यातले सात-आठ ड्रायव्हर, सफाईवाल्या मावशी, डॉक्टरीणबाई, सगळे भिंतीला पाठ लावून बसले. पुण्याहून इक्बालही आला होता, एकही यंत्र न आणता, आणि अजून जरा फुगलेलाच.

वृंदा माइकशिवाय गायली. जुनी गाणी, आणि या तीन महिन्यांतली दोन नवी. त्यात एक त्या तांड्यावरच्या रस्त्याचं होतं: खड्डा आला की हळू, सपाटी आली की भरधाव. तिसऱ्या गाण्याला एका नर्सची मान शेजारणीच्या खांद्यावर पडली. चौथ्याला दोन ड्रायव्हर आडवे झाले. मावशींनी पदर तोंडावर घेतला. डॉक्टरीणबाई बसल्या बसल्या पेंगू लागल्या. सहाव्या गाण्यापर्यंत अख्खी खोली गाढ झोपली होती. इक्बाल तर तोंड उघडं टाकून घोरत होता. मैफलीत एक माणूस जरी जांभई देताना दिसला तरी वृंदाचा जीव पूर्वी कासावीस व्हायचा. आता तिला एवढं भरून आलं की एक सूर डगमगलाच. कुणाला कळलं नाही.

जागा फक्त हणमंत होता. दाराशी बसून, गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत. त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्यानं बघितलं, आवाज न करता उठला, वृंदाकडे बघून हात जोडले आणि चपला हातात घेऊन बाहेर गेला. जाता जाता डॉक्टरीणबाईंना त्यानं खांद्याला नुसता हात लावून उठवलं. वृंदानं आवाज आणखी खाली घेतला आणि गात राहिली. बाहेर गाडी सुरू झाली, कडुनिंबाखालून सावकाश वळली. फाटकाच्या पार बाहेर, मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत हणमंतनं सायरन लावला नाही.